मस्टर दाखवा म्हणणाऱ्यांचा स्वतःचा कारभार: मजदूर किसान शक्ती संघटनचं प्रकरण

गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्था-संघटनांच्या कारभाराचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच घोटाळ्यांवर जाते, कोणी पैसे खाल्ले, कोणी परदेशी फंड घेतला, कोणी मुलालाच अध्यक्ष केलं वगैरे. मला आज उलट बाजूने जायचंय. एक अशी संघटना घेऊ जिचा कारभार बऱ्यापैकी नीट चालला, आणि मग तो का चालला, त्यासाठी काय सोडावं लागलं, कुठे ते कमी पडले हे सगळं बघू. संघटना आहे राजस्थानातली, मजदूर किसान शक्ती संघटन, सगळे एमकेएसएस म्हणतात. माहिती अधिकाराचा विषय आला की हे नाव येतंच, पण कायदा कसा झाला ते सगळे सांगतात, संघटना आतून कशी चालायची यावर फार कोणी बोलत नाही, आणि शिकण्यासारखं खरं तिथेच आहे असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अरुणा रॉय 1968 च्या बॅचच्या आयएएस. काही वर्षं नोकरी केली, मग राजीनामा देऊन अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाला गेल्या. तिथे त्यांचे पती बंकर रॉय यांनी 1972 मध्ये सोशल वर्क अँड रिसर्च सेंटर सुरू केलेलं, पुढे ते बेअरफूट कॉलेज म्हणून जगभर माहीत झालं. याच भागात, हरमाडा गावाकडे, दुष्काळी कामावरच्या बायकांनी नौरती बाईंच्या पुढाकाराने पूर्ण मजुरी मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1983 मध्ये कोर्टाने सांगितलं की दुष्काळी काम असलं म्हणून काय झालं, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं म्हणजे वेठबिगारीच, घटनेच्या कलम 23 चा भंग. म्हणजे कागदावर प्रश्न तिथेच सुटला होता. जमिनीवर काहीच सुटलं नव्हतं हे पुढे दिसेलच.

1983 मध्येच अरुणा रॉय तिलोनियातून बाहेर पडल्या. शाळा, दवाखाना, प्रशिक्षण देणारी संस्था एका बाजूला आणि हक्कासाठी भांडणारी लोकांची संघटना दुसऱ्या बाजूला, आणि त्यांना दुसरं करायचं होतं. 1987 मध्ये त्या, अमेरिकेतलं शिक्षण सोडून आलेला निखिल डे, आणि त्याच भागातले, कठपुतळी आणि नाटकात मुरलेले शंकर सिंग बायको-मुलांसह, असे सगळे देवडुंगरी नावाच्या छोट्या गावात राहायला आले. भीम तहसील, आता राजसमंद जिल्ह्यात येतं. शंकर सिंगांच्या नातेवाइकांचं मातीचं घर होतं तिथे. आजूबाजूचा मुलूख कोरडा, डोंगराळ, पुरुष मंडळी कामाला बाहेर गेलेली आणि गावात राहिलेल्या बायका सरकारी दुष्काळी कामावर.

आता इथे पहिला निर्णय, आणि माझ्या मते पुढचं सगळं याच निर्णयावर उभं आहे. त्यांनी ठरवलं की कुठल्याही फंडिंग एजन्सीचे पैसे घ्यायचे नाहीत, ना देशी ना परदेशी, माणसं वैयक्तिक देतील ती मदत चालेल. आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्याला मानधन किती, तर सरकारने अकुशल मजुराला जी किमान मजुरी ठरवलीय तेवढंच. माजी आयएएस असो नाहीतर चौथी पास बाई.

हे ऐकायला त्यागाबिगाची गोष्ट वाटते आणि लोक तशीच सांगतात, पण मी याच्याकडे कारभाराचा नियम म्हणून बघतो. विचार करा, ज्या संघटनेची मुख्य मागणीच किमान मजुरी पूर्ण द्या ही आहे तिथे नेत्याचं स्वतःचं घर त्याच आकड्यावर चालत असेल तर तो आकडा त्याच्यासाठी भाषणातला राहत नाही. दुसरं म्हणजे संघटनेत पगाराच्या पायऱ्याच नाहीत त्यामुळे शहरातून आलेला शिकलेला माणूस आपोआप वरचा आणि गावातला माणूस फिल्ड स्टाफ अशी उतरंड पैशाने तरी तयार होत नाही. आणि तिसरं, उद्या काय करायचं हे ठरवताना प्रोजेक्ट संपतोय, रिपोर्ट द्यायचाय, फंडर काय म्हणेल हे प्रश्न मीटिंगमध्ये येतच नाहीत. ज्यांनी संस्थेत काम केलंय त्यांना माहितीय मार्च महिन्यात किती निर्णय या तीन प्रश्नांवर होतात ते.

याची किंमतही मोठी आहे, ती झाकून उपयोग नाही. किमान मजुरीवर दुखणं निघालं की माणूस अडचणीत येतो, मुलांचं शिक्षण, म्हातारे आईवडील, हे सगळं कुठून करायचं. ज्याच्या मागे घरचा थोडाफार आधार आहे तो जास्त काळ टिकतो आणि ज्याच्या मागे काहीच नाही त्याला तोच नियम जड जातो, म्हणजे कागदावर सारखा असलेला नियम प्रत्यक्षात सगळ्यांना सारखा पडत नाही. असा नियम करणाऱ्या कुठल्याही संघटनेने या प्रश्नाचं उत्तर शोधलंच पाहिजे.

बरं, आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. दुष्काळी कामावर मजुरी द्यायची पद्धत आपल्याकडच्या रोजगार हमीसारखीच, म्हणजे मोजमाप करून. किमान मजुरी तेव्हा दिवसाला 11 रुपये होती आणि हातात पडायची त्याहून बरीच कमी. का कमी विचारलं की साहेब सांगणार तुम्ही काम कमी केलं, मोजमापात कमी भरलं. आम्ही तर पूर्ण खोदलं म्हटलं की उत्तर यायचं, मस्टरवर, म्हणजे कामावरच्या हजेरी आणि मजुरीच्या नोंदवहीत, तसं लिहिलेलं नाही. मग मस्टर दाखवा. मस्टर सरकारी कागद आहे, गोपनीय आहे, दाखवता येत नाही. दाडी रपटच्या कामावर काही मजुरांनी कमी मजुरी घ्यायलाच नकार दिला तेव्हा हीच भिंत पुढे आली. 1 मे 1990 ला भीममध्ये संघटनेची रीतसर स्थापना झाली, नंतर भीममध्ये उपोषणं झाली, थोडंफार पदरात पडलं, पण प्रत्येक वेळी गाडी त्याच कागदापाशी अडायची. किमान मजुरीची लढाई कागदाची लढाई झाली ती अशी, आणि हे कोणा हुशार माणसाने दिल्लीत बसून काढलेलं नाही, कामावरच्या मजुरांनीच ते बोट ठेवून दाखवलं. अरुणा रॉय स्वतः हे श्रेय कायम त्यांना देत आल्यात. नेतृत्वाचा विषय आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, नेत्याने इथे काय केलं तर ऐकलं, आणि ऐकलेल्या गोष्टीवर संघटनेची दिशा बदलली.

2 डिसेंबर 1994 ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची उघड सुनावणी, झाली. त्याआधी मस्टर आणि बिलांच्या नकला कशाबशा मिळवलेल्या, काही चांगल्या अधिकाऱ्यांनी बघू दिले म्हणून. मग कार्यकर्ते ते कागद घेऊन घरोघरी गेले, तुझं नाव इथे आहे, तू या कामावर होतीस का, किती दिवस, किती मिळाले. सुनवाईच्या दिवशी मंडप, माइक, आणि मस्टर मोठ्याने वाचायचं. अमुक काम, अमुक पंधरवडा, अमुक नाव, इतके दिवस, इतके रुपये. ज्याचं नाव आलं तो उठून सांगणार मी होतो किंवा मी त्या वेळी गावातच नव्हतो. अशा सुनवाया झाल्या तशी मेलेल्या माणसांची नावं निघाली, न झालेली बांधकामं पूर्ण दाखवलेली निघाली, ज्या कंपनीकडून माल घेतला ती कंपनी फक्त कागदावर असलेली निघाली. डिसेंबर 1994 ते एप्रिल 1995 मध्ये अशा पाच सुनवाया झाल्या.

मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती सुनवाई चालवायची पद्धत. संघटनेचे लोक न्यायाधीश होऊन बसले नाहीत. पॅनलवर बाहेरची माणसं, वकील, पत्रकार, प्राध्यापक, ज्यांचा गावात काही हितसंबंध नाही. सरपंच, ग्रामसेवक, इंजिनिअर या सगळ्यांना आधी रीतसर बोलावणं आणि आले तर माइकवर बोलायची पूर्ण संधी. आरोप कोणाच्या तोंडून करायचा नाही, कागद वाचायचा आणि ज्याचं नाव त्याने बोलायचं. म्हणजे आंदोलनात नेहमी होतं ते, मोठा नेता येतो, दीड तास बोलतो, टाळ्या, घोषणा, घरी, त्याला इथे जागाच नाही कारण कार्यक्रमाचा मुख्य माणूस म्हणजे मस्टरवर नाव असलेली बाई. नेत्याच्या हातातून माइक जाईल अशी रचना नेत्यांनीच करून ठेवली, आणि हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

दुसरी गोष्ट, या सुनवायांमध्ये दोषी निघणारे सगळे मोठे लोक नव्हते. सरपंच कधी गरीब घरातला असायचा, मेट म्हणजे आपला मुकादम तो तर गल्लीतलाच, नात्यातला. आपल्याच माणसाचं नाव कागदात निघालं की काय करायचं हा प्रश्न कुठल्याही गरिबांच्या संघटनेला येतोच आणि बहुतेक संघटना तिथे गप्प बसतात, एकी तुटेल म्हणून. इथे कागद वाचायचा म्हणजे सगळा वाचायचा. काही ठिकाणी सरपंचांनी सगळ्यांसमोर चूक कबूल करून पैसे परत केले, 1998 च्या सुमाराला अशा घटना झाल्या. पैसे परत येणं हे पोलीस केसपेक्षा गावाला जास्त कळतं असं मला वाटतं, अर्थात कायद्याने शिक्षा व्हायला हवी ती फार कमी वेळा झाली हेही खरं आहे.

विरोध झालाच. ग्रामसेवकांनी संप केला, म्हणणं असं की आमचं ऑडिट सरकार करतं, लोकांना कागद दाखवायला आम्ही बांधील नाही. आणि मग तो प्रश्न, जो अशा प्रत्येक संघटनेला विचारला जातोच, तुमचा हिशोब कुठंय. इथे एमकेएसएसची बाजू भक्कम होती कारण त्यांचे हिशोब आधीपासून उघडे होते. भीम भागात त्यांनी स्वस्त किराणा दुकान चालवलं, थोड्या नफ्यावर, त्यातही भाव आणि हिशोब लोकांपुढे. दुसऱ्याचं मस्टर मागायचा नैतिक हक्क भाषणाने मिळत नाही, तो अशा रोजच्या कंटाळवाण्या कामातून येतो, वही रोज भरली का, पावती फाडली का, कोणी मागितलं तर लगेच काढून दिलं का.

एप्रिल 1995 मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत सांगितलं की गावातल्या कामांच्या कागदांच्या झेरॉक्स लोकांना मिळतील. वर्ष गेलं, आदेश नाही. मग 6 एप्रिल 1996 पासून ब्यावर शहरात चांग गेटला धरणं, 40 दिवस. हमारा पैसा, हमारा हिसाब ही घोषणा तिथे गाजली. या धरण्याचा खर्च कसा भागला ते बघा, गावागावातून घरटी धान्य आलं आणि प्रत्येक घरातून माणसं पाळीपाळीने काही दिवस येऊन बसली, ब्यावरच्या बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली, दुकानदारांनी, कामगार संघटनांनी हात दिला. म्हणजे पैसा नाही म्हणून मागायला जावं लागलं आणि मागायला गेले म्हणून शहर सामील झालं. फंडिंग असतं तर मंडपवाला, केटरर, बॅनर सगळं आलं असतं, भाजीवाली आली नसती. त्याच दिवसांत लोकसभेची निवडणूक होती, कोणत्याही पक्षाच्या झेंड्याखाली न जाता त्यांनी धरणं चालू ठेवलं.

त्याच वर्षी दिल्लीत पत्रकारांसमोर सुशीला नावाची संघटनेतली जेमतेम शिकलेली बाई बोलली. तिला विचारलं तुम्हाला माहितीचा हक्क कशाला हवाय. तिचं उत्तर असं होतं की मुलाला 10 रुपये देऊन बाजारात पाठवलं तर परत आल्यावर मी हिशोब मागते, सरकार माझ्या नावावर कोट्यवधी खर्च करतं मग मी हिशोब मागू नको का. हे उत्तर पुढे देशभर गेलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे अरुणा रॉय हजर असताना उत्तर सुशीलाने दिलं.

1996 मध्ये राष्ट्रीय पातळीवर एनसीपीआरआय (नॅशनल कॅम्पेन फॉर पीपल्स राइट टू इन्फर्मेशन) ही माहिती अधिकाराची मोहीम उभी राहिली, त्यात संपादक, वकील, निवृत्त अधिकारी सगळे. प्रभाष जोशी, कुलदीप नय्यर, निखिल चक्रवर्ती असे संपादक आधीपासून मागे उभे होते. आपल्याकडचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत तेव्हा प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते आणि कायद्याचा सुरुवातीचा मसुदा प्रेस कौन्सिलने त्यांच्या काळात तयार केला, हे मराठी माणसांना फारसं ठाऊक नसतं. 1997 मध्ये जयपूरला 53 दिवसांचं धरणं झालं आणि शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की झेरॉक्स देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच गॅझेटमध्ये निघालाय! माहिती मिळण्याचा नियमच कोणाला माहीत नव्हता. 2000 मध्ये राजस्थानचा कायदा, आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून देशाचा माहिती अधिकार कायदा. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात कलम 17 आलं, ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे लोकांनीच कामाचा हिशोब तपासायचा. कोट किरानाच्या मंडपात जे चाललं ते कायद्यात आलं.

निवडणुकीचा विषय अवघड होता. लोक म्हणायला लागले तुमच्यातलेच सरपंच का होत नाहीत. संघटनेने परवानगी दिली पण अटी घातल्या, खर्चाला दोन हजाराच्या आसपासची मर्यादा, दारू-पैसा वाटायचा नाही, निवडून आल्यावर पंचायतीचा सगळा हिशोब उघडा ठेवायचा आणि सुनवाईला तयार राहायचं. या अटींवर उभे राहिलेले मोजकेच जिंकले. पण उमेदवारी देतानाच अट घालणं, निवडून आल्यावर नव्हे, हा क्रम मला फार बरोबर वाटतो. माणूस खुर्चीवर बसल्यावर नियम करायला गेलं की तो नियम त्याच्याविरुद्ध केल्यासारखा होतो आणि मग भांडण होतं, हे आपल्याकडच्या कितीतरी संघटनांच्या फुटीत दिसतं.

आता कमकुवत बाजू. एक, अरुणा रॉय यांचं नाव. 2000 मध्ये मॅगसेसे मिळालं, त्यांनी ते सगळ्या संघटनेचं मानलं आणि पैसे लोकशाही लढ्यांसाठी बाजूला काढले, हे सगळं खरं. तरीही बाहेरच्या जगाला एकच चेहरा माहीत. आयएएसची पार्श्वभूमी, इंग्रजी, दिल्लीतल्या ओळखी नसत्या तर मस्टरची लढाई संसदेपर्यंत गेली असती का, मला नाही वाटत. म्हणजे सगळ्यांना सारखी मजुरी दिली तरी ओळखीची ताकद सारखी होत नाही. ती ताकद संघटनेच्या कामाला जुंपली ही चांगली गोष्ट, पण ती पुढच्या पिढीकडे कशी द्यायची हे सोपं नाही. दोन, विस्तार. मध्य राजस्थानातल्या काही जिल्ह्यांपलीकडे संघटना म्हणून ती फार पसरली नाही, पद्धत पसरली. तीन, सरकारशी जवळीक. 2004 नंतर अरुणा रॉय केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेत होत्या, 2006 पर्यंत, मग परत 2010 पासून. रस्त्यावरच्या संघटनेची व्यक्ती सत्तेच्या टेबलावर बसली की प्रश्न येतातच आणि यायलाच हवेत. 2013 मध्ये त्यांनी मुदतवाढ नाकारली आणि सरकार रोजगार हमीत किमान वेतन द्यायला तयार नाही ही नाराजी उघड लिहिली. देवडुंगरीतला 11 रुपयांचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे हे बघा. माणूस सत्तेच्या जवळ जाऊन मूळ मागणी विसरला का, हे तपासायचं तर याहून चांगली जागा नाही.

आपल्याकडे काय घेता येईल? महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या, धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट जातं, बदल अर्ज जातात, सीएसआरवाल्याला, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसे देणाऱ्या कंपनीला, वेगळा रिपोर्ट, परदेशी निधी असेल तर दिल्लीला वेगळा. सगळे हिशोब वर जातात. ज्या वस्तीच्या नावाने पैसे आले त्या वस्तीत कोणी ते वाचून दाखवत नाही. सगळ्यांनी फंडिंग सोडावं असं मी म्हणणार नाही, दवाखाना चालवायचा तर पैसा लागतोच आणि एमकेएसएस दवाखाना चालवत नव्हती. पण वर्षातून एकदा त्याच वस्तीत, मराठीत, माइकवर, इतके आले, पगारावर इतके, गाडीवर इतके, तुमच्या मुलांच्या वह्यांवर इतके, असं वाचायला कुठल्या फंडरची हरकत आहे? पॅनलवर बाहेरची दोन माणसं ठेवा. ट्रस्टींना समोर बसवा आणि उत्तरं द्यायला लावा. ज्या बाईच्या नावावर शिलाई मशीन दाखवलंय तिचं नाव वाचा आणि ती काय म्हणते ते ऐका. पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल, जुनी उणीदुणी निघतील, कोणी स्थानिक पुढारी येऊन गोंधळ घालेल, म्हणून बोलावणं सगळ्यांना द्या आणि नियम आधी वाचा, कोण किती वेळ बोलणार तेही.

एक ताजी अडचणही आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यातून माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे) मध्ये बदल केलाय. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागायची. आता त्या कलमात वैयक्तिक माहिती एवढंच कारण उरलंय, जनहिताची वेगळी तरतूद कलम 8(2) मध्ये आहे पण ती वापरायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. मस्टरवरचं नाव, रेशनच्या यादीतलं नाव, पेन्शनच्या यादीतलं नाव, हे सगळं वैयक्तिकच म्हणता येतं. एनसीपीआरआय आणि एमकेएसएसचे लोक याविरुद्ध लढतायत. राजस्थानात 2019 पासून जन सूचना पोर्टलवर अशा याद्या मागितल्याशिवायच दिसतात, ती सोय टिकते का याकडे लक्ष ठेवायला हवं, कारण नावं काढून टाकलेलं मस्टर गावात वाचलं तरी कोण उठून सांगणार की मी त्या दिवशी कामावर नव्हतो.